समुद्रावरील ओलिसांची सुटका : बळ, वाटाघाटी आणि जहाजाचे यंत्रघर

(मावळ तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे लोणावळा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भातशेतीचा, घाटवाटांचा आणि गडकोटांचा प्रदेश म्हणून मावळ सर्वांस परिचित आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील या तालुक्यात समुद्रचाच्यांचा विषय निघावा याचे कोणास नवल वाटल्यास ते गैर नव्हे. तथापि मावळाचा समुद्राशी असलेला संबंध आजचा नाही, आणि तो केवळ इतिहासापुरताही उरलेला नाही. भुशी धरणाच्या परिसरात असलेली ‘आय. एन. एस. शिवाजी’ ही नौदलाची संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी कार्यान्वित झाली. युद्धनौकांची यंत्रे चालविणारे व दुरुस्त करणारे अधिकारी आणि नौसैनिक येथे शिक्षण घेतात. याच तालुक्यात तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरी येथे १९९८ पासून तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था व्यापारी जहाजांसाठी अभियंते व अधिकारी तयार करीत आहे. म्हणजे चाच्यांच्या हाती सापडण्याचा धोका पत्करणारा तरुण आणि त्याच्या सुटकेसाठी धावणाऱ्या युद्धनौकेचे इंजिन सांभाळणारा तरुण, असे दोघेही मावळातील एकाच पावसात शिकून समुद्रावर जातात.

ओलिसांच्या सुटकेची वार्ता वृत्तपत्रांत येते तेव्हा हेलिकॉप्टरमधून दोराने उतरणाऱ्या कमांडोंचे छायाचित्र ठळकपणे छापले जाते. त्यांचे शौर्य वादातीत आहे. परंतु गेल्या वीस वर्षांतील घटना बारकाईने पाहिल्या असता असे आढळते की, सुटकेचा निकाल बहुधा कमांडो पोहोचण्यापूर्वीच ठरलेला असतो. त्या क्षणी खलाशी जहाजाच्या कोणत्या भागात आहेत आणि जहाजाचे यंत्र कोणाच्या हाती आहे, या दोन गोष्टींवर बळाचा वापर करावा की करू नये हे अवलंबून असते.

यासाठी प्रथम चाच्यांची कार्यपद्धती समजून घ्यावयास हवी. सोमालियाच्या किनाऱ्यावरील चाचे सामान्यतः मालाच्या लोभाने जहाज पकडत नाहीत. त्यांना माणसे हवी असतात. कारण मालकाकडून, विमा कंपनीकडून वा सरकारकडून खंडणी मिळते ती माणसांसाठी. लहान वेगवान होड्यांतून येऊन, शिडी लावून ते जहाजावर चढतात आणि जहाज आपल्या किनाऱ्याकडे वळविण्याचा प्रयत्न करतात. त्याकरिता त्यांना चालते इंजिन आणि ते चालविणारा अभियंता, दोन्हींची गरज असते. इंजिन बंद पडले की हजारो टनांचे जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारा लोखंडाचा ठोकळा. तो ओढून नेण्याचे साधन चाच्यांपाशी नसते.

या गरजेतूनच बचावाचा एक उपाय पुढे आला. मावळातील श्रोत्यांस तो समजावून सांगण्यास फार प्रयास पडू नयेत, कारण त्याचे नावच मुळी ‘बालेकिल्ला’ असे आहे. इंग्रजीतील ‘सिटाडेल’ या शब्दाचा अर्थ तोच. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. माची शत्रूच्या हाती गेली तरी वरच्या तटात शिबंदीने तग धरावी, हा त्यांचा हेतू. जहाजावर यंत्रघर किंवा सुकाण्याच्या यंत्राची खोली जाड पोलादी दारांनी बंद करून तिचाच बालेकिल्ला केला जातो. आत पिण्याचे पाणी, अन्न व औषधे ठेवलेली असतात. चाचे चढत आहेत असे दिसताच सर्व खलाशी तेथे जाऊन दारे लावतात, इंजिन बंद करतात, वीजही तोडतात.

मात्र या उपायाचा उपयोग व्हावयाचा तर तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. एकूण एक माणूस आत असला पाहिजे. बाहेरच्या जगाशी स्वतंत्रपणे बोलता येईल असे संपर्काचे साधन आत असले पाहिजे. आणि जहाज चालविण्याची यंत्रणा चाच्यांच्या हाती लागता कामा नये. यांपैकी पहिली अट सर्वांत कठीण आहे. एक माणूस जरी बाहेर राहिला, तरी आतील वीस जणांची तटबंदी त्या एकाच्या मानेवर टेकविलेल्या बंदुकीपुढे निरुपयोगी ठरते.

‘मर्स्क अलाबामा’ या अमेरिकी जहाजावर ८ एप्रिल २००९ रोजी नेमके हेच घडले. मुख्य अभियंत्याने यंत्रघरातून इंजिन व सुकाणू आपल्या ताब्यात घेतले आणि जहाज अंधारात बुडविले. चाच्यांना ते हलविता येईना. परंतु कप्तान रिचर्ड फिलिप्स बाहेर होते. त्यांना घेऊन चाचे जहाजाच्याच बंदिस्त जीवरक्षक होडीतून निघून गेले. जहाज वाचले, माणूस ओलीस राहिला. पुढे १२ एप्रिल रोजी युद्धनौकेवरील नेमबाजांनी हेलकावणाऱ्या होडीतील तिघा चाच्यांना एकाच वेळी टिपले आणि कप्तान सुटले. या नेमबाजीचे जगभर कौतुक झाले, त्यावर चित्रपटही निघाला. यंत्रघरातील अभियंत्याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवली नाही.

याच्या उलट ‘मॅगेलन स्टार’चे उदाहरण आहे. सप्टेंबर २०१० मध्ये एडनच्या आखातात या जहाजाचे अकराही खलाशी इंजिन बंद करून सुरक्षित खोलीत गेले. बाहेर एकही ओलीस नाही याची खात्री झाल्यावर अमेरिकी मरीन सैनिक जहाजावर चढले आणि एकही गोळी न झाडता नऊ चाचे पकडले गेले.

भारतीय नौदलाचा अलीकडचा अनुभवही हाच आहे. ४ जानेवारी २०२४ रोजी सायंकाळी ‘लीला नॉरफोक’ या लायबेरियन ध्वजाच्या मालवाहू जहाजावर पाच-सहा सशस्त्र इसम चढल्याचा संदेश आला. जहाजावर २१ खलाशी होते व त्यांपैकी १५ भारतीय होते. सर्वजण बालेकिल्ल्यात पोहोचले होते. नौदलाच्या विमानाने जहाज शोधून काढले आणि त्यावर नजर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनच्या सुमारास ‘आय. एन. एस. चेन्नई’ या विनाशिकेने ते गाठले. नौदलाच्या ‘मार्कोस’ कमांडोंनी संपूर्ण जहाज धुंडाळले. चाचे आधीच पळाले होते. २१ जण सुखरूप बाहेर आले. मग नौदलाच्या माणसांनी जे काम हाती घेतले ते आय. एन. एस. शिवाजीच्या शेजारी राहणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. जहाजाची वीजनिर्मिती व इंजिन पुन्हा सुरू करून ते मार्गस्थ करण्यासाठी त्यांनी साहाय्य केले. खोल समुद्रातील सुटका अशा प्रकारे यंत्र चालू झाल्यावरच पुरी होते.

बालेकिल्ल्यालाही मर्यादा आहे, आणि ती वेळेची. जानेवारी २०११ मध्ये ‘बेलुगा नॉमिनेशन’ या जहाजाचे खलाशी असेच आत बसले होते. सुमारे दोन दिवस मदत पोहोचली नाही. चाच्यांनी पोलाद कापून त्यांना बाहेर काढले आणि पुढे त्यांतील काहींचे प्राण गेले. जवळपास युद्धनौका असण्याची शक्यता नसेल, तर पोलादी दार केवळ काही तासांची सवड देते. २३ ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदलाने एडनच्या आखातात गस्तनौका ठेवण्यास प्रारंभ केला, त्यामागील हिशेब हाच आहे.

आता याहून बिकट प्रसंगाकडे वळू. खलाशी चाच्यांच्या हाती सापडले आहेत, जहाज चालते आहे, बंदुका रोखलेल्या आहेत. अशा वेळी सेनाधिकाऱ्यापुढे फारच थोडे मार्ग उरतात : जहाजाची वाट अडवून धरणे, त्याचे सुकाणू वा इंजिन निकामी करणे, चाच्यांना शरण येण्यास भाग पाडणे, किंवा अचानक हल्ला करणे. कोणताही मार्ग धोक्यावाचून नाही.

‘रूएन’ या माल्टाच्या ध्वजाखालील जहाजाची सुटका या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी चाच्यांनी ते पळविले. अठरा खलाशांपैकी एक जखमी खलाशी काही दिवसांतच भारतीय युद्धनौकेच्या स्वाधीन करण्यात आला. उरलेले १७ जण (बल्गेरिया, म्यानमार व अंगोला या देशांचे नागरिक) तीन महिने कैदेत राहिले. मार्च २०२४ मध्ये चाचे हेच जहाज तळासारखे वापरून इतर जहाजांवर हल्ले करण्यास निघाले असता ‘आय. एन. एस. कोलकाता’ने १५ मार्च रोजी त्यास अडविले. भारताच्या किनाऱ्यापासून ते सुमारे २,६०० किलोमीटर दूर होते. चाच्यांनी युद्धनौकेवर गोळीबार केला आणि तिने पाठविलेले टेहळणी ड्रोनही पाडले. यावर नौदलाने जहाजावर सरसकट भडिमार केला नाही. त्याचे सुकाणू व दिशादर्शनाची उपकरणे तेवढी निकामी केली. जहाज थांबले. जवळ राहून शरण येण्याविषयी चाच्यांना वारंवार बजावण्यात आले. १६ मार्च रोजी हवाई दलाच्या सी-१७ विमानाने मार्कोस कमांडो व त्यांच्या दोन रबरी होड्या समुद्रावर उतरविल्या, ‘आय. एन. एस. सुभद्रा’ ही दुसरी नौकाही आली. सुमारे ४० तास हा प्रकार चालला. अखेर ३५ चाचे शरण आले आणि १७ ओलीस एकही जखम न होता सुटले.

येथेही जहाज कोठे दुबळे असते याचे ज्ञान कामी आले. बंदूक चालविणे शिकविता येते. परंतु सुकाणू निकामी करावयाचे आणि त्याच वेळी आतील माणसांस धक्का लागू द्यावयाचा नाही, यासाठी जहाजाची रचना तोंडपाठ असावी लागते.

त्याच आठवड्यात घडलेली दुसरी घटना याच्या जोडीने पाहिली पाहिजे, अन्यथा बळाने सर्व काही साधते असा ग्रह होण्याचा संभव आहे. १२ मार्च २०२४ रोजी बांगलादेशचे ‘अब्दुल्ला’ हे जहाज २३ खलाशांसह पळविण्यात आले. भारतीय युद्धनौकेने त्यास गाठले होते. परंतु सर्व खलाशी सशस्त्र पहाऱ्यात होते, मालक व बांगलादेश सरकार यांना बळाचा वापर नको होता, आणि लवकरच जहाज सोमालियाच्या जलहद्दीत शिरले. नौदलाने जवळून पाठलाग केला, हल्ला केला नाही. खंडणी दिल्यानंतर एप्रिलच्या मध्यास सर्व २३ जण सुखरूप सुटले. हल्ला न करण्याचा निर्णय दुबळेपणाचा होता असे म्हणणाऱ्याने त्या २३ घरांतील माणसांस विचारून पाहावे.

जलहद्दीचा उल्लेख आला म्हणून कायद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार खुल्या समुद्रावर चाच्यांच्या ताब्यातील जहाज कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते. किनाऱ्यापासून बारा नाविक मैलांच्या आत मात्र त्या त्या देशाची सत्ता चालते. सोमालियाच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २००८ मध्ये या हद्दीतही कारवाईस सवलत दिली होती. ती मार्च २०२२ मध्ये संपली. म्हणून पळविलेले जहाज किनारा गाठण्यापूर्वी अडविण्यास आज पूर्वीहूनही अधिक महत्त्व आले आहे.

हल्ल्याची किंमत कधी कधी ओलिसांनाच मोजावी लागते. एप्रिल २००९ मध्ये फ्रेंच कमांडोंनी ‘तानित’ या शिडाच्या नौकेवर धाड घातली. एका लहान मुलासह चौघे सुटले. मुलाचा पिता मात्र ठार झाला, आणि त्यास लागलेली गोळी फ्रेंच सैनिकाचीच होती असे चौकशीअंती निष्पन्न झाले. ‘सामहो ज्वेलरी’ या जहाजावर दक्षिण कोरियाच्या कमांडोंचा पहिला प्रयत्न फसला व तीन सैनिक जखमी झाले. २१ जानेवारी २०११ रोजी दुसरा प्रयत्न यशस्वी होऊन २१ खलाशी सुटले. त्यांचे कप्तान इंजिनाच्या तेलात पाणी मिसळून, वाट नागमोडी करून जहाज रखडत ठेवीत होते. त्यांनीच मिळवून दिलेल्या वेळात युद्धनौका पोहोचली, आणि चकमकीत तेच गंभीर जखमी झाले.

आपल्याकडील एक घटनाही टाळून पुढे जाता येणार नाही. १८ नोव्हेंबर २००८ रोजी ‘आय. एन. एस. तबर’ने एडनच्या आखातात चाच्यांची एक नौका बुडविली. नौकेवरून धमकी व गोळीबार झाल्यामुळे स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले, असे नौदलाने स्पष्ट केले. पुढे उघड झाले की ती ‘एकावात नावा ५’ नावाची, त्याच दिवशी पळविलेली थायलंडची मासेमारी नौका होती आणि तिच्यावरील मूळ माणसे चाच्यांच्या कैदेत होती. त्यांतील एक कंबोडियन खलाशी काही दिवसांनी समुद्रात तरंगत असताना जिवंत सापडला. अंधारात, काही मिनिटांत निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु समोरची नौका चाच्यांची आहे हे ठाऊक असणे पुरेसे नाही, तिच्या पोटात आणखी कोण आहे हेही ठाऊक असावे लागते, हा धडा तेथे फार महागात मिळाला. २०२४ च्या मोहिमांत विमाने व ड्रोन यांच्या टेहळणीवर एवढा वेळ का खर्च झाला, याचे उत्तर बहुधा येथे सापडेल.

बळ आणि बोलणी यांचा मेळ घालण्याचा प्रश्न मावळास नवा नाही. १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून आले आणि स्वतःच कैद झाले. लोहगड, राजमाची कान्होजींच्या हाती गेले. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी तलवारीऐवजी बोलणी केली. १७१४ च्या लोणावळ्याच्या तहाने कान्होजींनी शाहू महाराजांची सत्ता मान्य केली, त्यांचे सरखेलपद कायम राहिले आणि पिंगळे सुटले. (इंग्रजांनी आपल्या दप्तरांत कान्होजींना चाचा म्हटले असले तरी ते राज्याचे आरमारप्रमुख होते, हे सांगावयास नकोच.) ती बोलणी यशस्वी झाली, कारण दोन्ही पक्षांना देण्यासारखे काही होते आणि दिलेला शब्द पाळणारा धनी दोन्हीकडे होता.

चाच्यांशी होणाऱ्या व्यवहारात हीच उणीव असते. ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ हे पंधरा भारतीय खलाशांचे जहाज २८ सप्टेंबर २०१० रोजी पळविले गेले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचली, जहाज व आठ जण सुटले. सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतले. त्या वर्षी जानेवारी ते मार्च या काळात भारतीय नौदल व तटरक्षक दलाने अरबी समुद्रातील चार कारवायांत १२० चाचे पकडले होते. ते सोडा, मग सात जण सोडू, अशी मागणी आली. ते सात जण ३० ऑक्टोबर २०१४ रोजी सुटले, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळानंतर. एका मोहिमेचे यश दुसऱ्या ओलिसांच्या पायातील बेडी कसे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. तरीही चाचे पकडूच नयेत असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. त्या कारवायांनंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा उपद्रव ओसरला, हेही तितकेच खरे.

पकडलेल्यांचे पुढे काय करावयाचे हा प्रश्नही दीर्घकाळ अडला होता. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज १९९९ मध्ये इंडोनेशियाजवळ पळविण्यात आले. खलाशांना तराफ्यावर सोडून देऊन चाच्यांनी जहाजाचे नाव ‘मेगा रामा’ असे रंगविले. नोव्हेंबरात तटरक्षक दल आणि ‘आय. एन. एस. प्रहार’ यांनी ते अरबी समुद्रात पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिल्या. २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते निर्दोष सुटले. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी विधेयक संमत केले आणि ही उणीव भरून निघाली. ‘रूएन’वरील ३५ जणांना २३ मार्च २०२४ रोजी मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले, ते या नव्या कायद्याच्या आधारे.

शेवटी गावपातळीवरील एका बाबीकडे लक्ष वेधावयाचे आहे. मार्च २०१० मध्ये पळविलेल्या ‘आइसबर्ग १’ या जहाजाच्या खलाशांत भारतीयही होते. मालकाने त्यांना वाऱ्यावर सोडले. डिसेंबर २०१२ मध्ये सोमालियातील पुंटलंडच्या सागरी पोलिसांनी वेढा घालून २२ जणांस सोडविले, तोवर पावणेतीन वर्षे उलटली होती. मालक जबाबदार असेल तर बोलणी होतात, विमा असतो, घरी पगार पोहोचतो. मालकच परागंदा झाला तर कुटुंबाने दाद कोणाकडे मागावी? समुद्रावर नोकरी देतो असे सांगून गावोगाव हिंडणाऱ्या दलालांपैकी नौवहन महासंचालनालयाचा परवाना कोणाकडे आहे, हे तपासून पाहण्याची सवय पंचायतीने व शाळेने लावावी. मुलगा जहाजावर चढण्यापूर्वी घरच्या वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात : भरती करणाऱ्या संस्थेचा परवाना क्रमांक, जहाजाचा ध्वज, मालकाचे नाव व पत्ता, आणि जहाजाचा सात आकडी ‘आयएमओ’ क्रमांक. जहाजाचे नाव एका रात्रीत रंगवून बदलता येते. हा क्रमांक मात्र जहाज मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. ओलिसांच्या घरी चाच्यांचे दूरध्वनी येतात, रडणे ऐकविले जाते, हेही कुटुंबाला आधी ठाऊक असावे. अशा वेळी परस्पर सौदा न करता नौवहन महासंचालनालयाच्या मुंबईतील अहोरात्र चालणाऱ्या संपर्क केंद्रास आणि जहाजाच्या मालकास तत्काळ कळवावे, व दूरध्वनीचा दिवस, वेळ आणि ऐकू आलेला प्रत्येक शब्द त्याच वहीत टिपून ठेवावा.